आपले हात आढळले नाहीत

मानवजातीची सारी प्रगती तिच्या हातांनी घडवली आहे. मेंदूचं कौतुक फार झालं; पण चाक फिरवलं ते हातांनी, लेखणी धरली ती हातांनी, आणि अवघ्या जीवसृष्टीत माणूस उठून दिसला तो त्याच्या अंगठ्यामुळे. हे विधान मी आमच्या बैठकीच्या खोलीत उभं राहून केलं, तेव्हा माझा स्वतःचा अंगठा एका खोक्याच्या चिकटपट्टीत असा गुरफटला होता की तो सोडवायला बायकोला कात्री आणावी लागली. तीही डाव्या हातानं, कारण तिचा उजवा हात हाच या सगळ्या प्रकरणाचा विषय होता.

बायकोचं मनगट मोडलं होतं. कसं मोडलं हे सांगत बसत नाही. त्यात माळ्यावर चढवलेली एक बॅग येते, ती तिथे कोणी चढवली हा प्रश्न येतो, आणि मग गोष्ट माझ्यावर येते. ती तशीही येणारच आहे, घाई कशाला करा.

प्लास्टर निघालं, हाड जुळलं, पण बोटं ऐकेनात. मूठ अर्ध्यावर येऊन थांबायची, एखाद्यानं बोलता बोलता मध्येच विषय सोडावा तशी. डॉक्टर म्हणाले, "सोमवारी बघू. तोवर बोटं वळायला लागली तर उत्तम. नाहीतर एक छोटंसं ऑपरेशन करू." छोटंसं हा शब्द डॉक्टर लोक नेहमी दुसऱ्याच्या हाताबद्दल वापरतात. घरी आल्यावर बायको एवढंच म्हणाली, "मला चिरफाड नको आहे. मला माझे केस माझ्या हातानं बांधता आले की पुरे."

यात मला टोमणा होता. त्या दिवसांत तिचे केस मी बांधत असे. माझं पहिलंच काम बघून समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनींनी तिला ताप कधीपासून आहे असं विचारलं होतं.

ऑपरेशन टाळायचं म्हणून फिजिओथेरपीवाल्या बाई आल्या. त्यांना आम्ही आपसात व्यायामबाई म्हणतो. त्यांच्या दवाखान्यात एक नवं यंत्र आलं होतं, ते त्यांनी आठवडाभर वापरायला दिलं. डोळ्यांवर चढवायचा एक चष्मा. पोहणारे लावतात तसा, पण कपाळाला वीट बांधल्यासारखा जड. त्याच्या पुढच्या बाजूला काडेपेटीएवढा एक सेन्सर. तो सेन्सर तुमचे खरे हात बघतो आणि चष्म्याच्या आतल्या खोट्या जगात ते तुम्हाला परत दाखवतो. त्या हातांनी खोटे चेंडू उचलायचे आणि खोट्या टोपलीत टाकायचे. बोट किती वाकलं, मूठ किती मिटली हे यंत्र मोजतं आणि परस्पर दवाखान्यात कळवतं.

"नुसता स्पंजचा चेंडू दाबून कंटाळा येतो ना काकू," व्यायामबाई म्हणाल्या. "यात खेळल्यासारखं वाटेल. आणि डॉक्टरांना सोमवारी नीट रेकॉर्ड बघायला मिळेल. फक्त हे घरच्या कॉम्प्युटरला जोडावं लागतं, सेन्सरचा ड्रायव्हर टाकावा लागतो. आमचा माणूस उद्या येऊन लावून देईल."

"माणूस कशाला?" मी म्हणालो. "मी आहे की."

व्यायामबाईंनी बायकोकडे पाहिलं. बायकोनं छताकडे पाहिलं. छताकडून काही मदत आली नाही.

"काका, जमेल ना?"

"त्यात काय," मी म्हणालो. जगातल्या बहुतेक दुर्घटनांच्या आधी कोणीतरी हे दोन शब्द उच्चारलेले असतात, याबद्दल माझी खात्री पटत चालली आहे.

ड्रायव्हर म्हणजे काय हे मला ठाऊक आहे, असं मी चेहऱ्यानं सांगितलं होतं. नंतर वाचून काढलं. कॉम्प्युटरला सेन्सरची भाषा येत नाही आणि सेन्सरला कॉम्प्युटरची. ड्रायव्हर हा त्यांच्यातला दुभाष्या. तो कॉम्प्युटरमध्ये बसवला की दोघं बोलू लागतात. इतकं सोपं. आमच्या घरात बायको आणि माझी धाकटी बहीण यांच्यात मी अनेक वर्षं हेच काम केलं आहे, आणि दोघींचंही मत आहे की मी नसतो तर बरं झालं असतं. हे त्याच वेळी आठवायला हवं होतं.

पहिल्या दिवशी मी ड्रायव्हर बसवला, तारा जोडल्या, चष्मा चढवला. आत निळसर अंधार होता. अंधारात सुबक मराठी अक्षरं उमटली: 'आपले हात आढळले नाहीत.'

मी हात वर केले. म्हणजे खरोखरच वर केले. या प्रकरणात पुढे मला ते दुसऱ्या अर्थानंही करावे लागले, पण तेव्हा नाही. मी हात हलवले, पसरले, टाळी वाजवली. 'आपले हात आढळले नाहीत.' मी चष्मा काढून पाहिलं. हात जागच्या जागी होते. चष्मा चढवला. नव्हते. इतकी वर्षं ज्यांच्यावर आपण विसंबून राहिलो त्यांच्याबद्दल कोणी हरवल्याच्या जाहिरातीच्या भाषेत बोलायला लागलं की माणूस हलतो.

"काय झालं?" बायकोनं विचारलं. ती बाही वर सारून तयार बसली होती.

"हात सापडत नाहीत."

"माझे?"

"माझे."

"बरं," ती म्हणाली आणि उठून कुकर लावायला गेली. डाव्या हातानं.

सोबतच्या पुस्तिकेत लिहिलं होतं की ऊन आणि चकाकणाऱ्या वस्तू यांनी सेन्सर गोंधळतो. मी खिडक्यांना चादरी लावल्या. आरसा भिंतीकडे तोंड करून ठेवला. स्टीलच्या भांड्यांच्या मांडणीवर पलंगपोस टाकला. काचेच्या दाराचं कपाट पुढे ओढून बाजूला सरकवलं, त्यात खांद्यातून एक कळ निघाली ती थेट करंगळीपर्यंत गेली. घर इतकं अंधारं झालं की बायकोला साखरेचा डबा आणि मिठाचा डबा वासावरून ओळखावे लागले, आणि दोघांनाही वास नसतो. तो चहा मी न बोलता प्यायलो.

"बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, आपण घर सोडून चाललोय," ती म्हणाली.

"शास्त्राला अंधार लागतो."

"शास्त्राला लागत असेल. मला चमचा दिसत नाहीये."

दुसऱ्या दिवशी मी मदतकेंद्राला फोन लावला. आमच्या घरात फोनला आवाज फक्त गॅलरीत येतो, आणि तोही मोठ्यांदा बोललं तर. मदतकेंद्रातला आवाज अतिशय सौम्य होता. त्यानं मला जुना ड्रायव्हर काढून टाकायला सांगितलं. पलीकडचं बोलणं फक्त मला ऐकू येत होतं. माझं मात्र सगळ्या इमारतीला, ते असं:

"हो, जुना ड्रायव्हर कालच काढून टाकला. नाही, नाही, काही शिल्लक ठेवलं नाही त्याचं. पार मुळापासून उपटला. नवा? नवा घेतला हो, पण तो उभाच राहत नाही. सुरू केला की लगेच झोपतो. काय? त्यालाही काढू? आणि तिसरा घेऊ? अहो, असे किती ड्रायव्हर बदलू मी?"

शेवटी त्या सौम्य आवाजानं तितक्याच सौम्यपणे हात झटकले. माझी तक्रार नोंदवली गेली आहे, असं तो म्हणाला. नोंदवली गेली आहे याचा अर्थ वाचली जाणार नाही, हे सांगायला आमच्या वरच्या मजल्यावरच्या पोचसाहेबांची गरज नव्हती. पण ते आलेच.

पोचसाहेब एका सरकारी कार्यालयातून निवृत्त झाले आहेत. दिलेल्या प्रत्येक गोष्टीची लेखी पोच मागायची त्यांना सवय आहे. गेल्या वर्षी त्यांनी आम्हाला विरजण दिलं होतं, तेव्हाही चिठ्ठीवर सही घेऊन गेले. ते खुर्चीत बसले, चादरींकडे पाहिलं, आरशाच्या पाठीकडे पाहिलं आणि म्हणाले, "बोला. प्रकरण कुठे अडलंय?"

मी कॉम्प्युटर त्यांच्याकडे वळवला. तिसरा ड्रायव्हर बसवताना नवीच पाटी आली होती: 'या ड्रायव्हरवर स्वाक्षरी नाही. प्रकाशकाची ओळख पटवता येत नाही.'

पोचसाहेबांनी आपल्या नाकावरचा चष्मा सरळ केला. त्यांच्या चेहऱ्यावर मी इतकं गांभीर्य त्यांच्या निरोपसमारंभातही पाहिलं नव्हतं.

"सही नाही?"

"नाही."

"मग हा तुमच्या दारापर्यंत आला कसा?"

"मीच आणला."

"सही न बघता?" त्यांनी खुर्ची मागे सरकवली. "मी उभ्या नोकरीत बिनसहीचा एक कागद पुढे सरकवला नाही. एक. साहेबांच्या मेव्हण्याचा होता तरी परत पाठवला. कोणाची सही लागते याच्यावर?"

"कंपनीची असावी."

"असावी म्हणजे? सक्षम अधिकारी कोण?"

"ते लिहिलेलं नाही."

"मग प्रकरण परत पाठवा."

"अहो, पण सोमवारी हिचा हात दाखवायचाय."

"हात महत्त्वाचाच," पोचसाहेब म्हणाले. "पण उद्या काही झालं, तर जबाबदारी कोणाची? हाताची?"

पाटीच्या तळाशी, लाजल्यासारखं बारीक अक्षरात एक बटण होतं: 'जोखीम पत्करून पुढे जा.' पोचसाहेब पाणी प्यायला स्वयंपाकघराकडे वळताच मी जोखीम पत्करली. कॉम्प्युटर बंद झाला, चालू झाला, आणि सेन्सरवर हिरवा दिवा लागला. पोचसाहेब परत आले.

"सही आली?"

"आली."

"कोणाची?"

"माझीच समजा."

"तुम्ही सक्षम आहात?"

ओट्याजवळ बायको खोकली.

मी यंत्राचा चष्मा चढवला. आणि खरं सांगतो, हात दिसले. निळसर, पारदर्शक, पण हात. फक्त मी उजवा वर केला की तो खाली जायचा आणि खाली केला की वर. सेन्सर मी उलटा बसवला होता, हे नंतर कळलं. त्या क्षणी मला एवढंच दिसत होतं की एक लाल चेंडू खाली तरंगतो आहे, आणि खाली जायचं तर वर गेलं पाहिजे. मी झेप घेतली. हाताला चेंडू लागला नाही. काहीतरी मऊ, कोमट आणि चष्मा लावलेलं लागलं.

पोचसाहेब नाक धरून उठले आणि गेले. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच एखाद्या गोष्टीची पोच मागितली नाही.

मी हे सगळं सांगतोय ते विनोद म्हणून नव्हे. त्या संध्याकाळी मी दूध आणायला खाली उतरलो, तेव्हा तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांचा ड्रायव्हर गाडी पुसत होता. एरवी तो हसून मान हलवतो. त्या दिवशी त्यानं फडकं खाली ठेवलं.

"साहेब, एक विचारू? राग मानू नका."

"विचारा ना."

"त्यानं काय केलं होतं?"

"कोणी?"

"तुम्ही काढून टाकलात तो."

मी घाईत होतो. म्हणालो, "काही केलं नव्हतं हो. जुना झाला होता, इतकंच."

त्यानं फडकं परत उचललं. "आम्हीपण जुनेच आहोत, साहेब," तो गाडीला म्हणाला.

मी तिथेच उभं राहून त्याला समजावायचा प्रयत्न केला की हा ड्रायव्हर माणूस नसतो, त्याला घर नसतं, पगार नसतो, तो फक्त सांगितलेलं ऐकतो. जितकं समजावत गेलो तितका तो लांब गेला. जिन्यात वहिनी भेटल्या.

"भावजी, तुमचा नवा ड्रायव्हर सकाळी मोकळा असतो का? मला स्टेशनवर जायचंय."

"वहिनी, तो गाडीचा नाही."

"मग कशाचा?"

"हातांचा."

वहिनी माझ्याकडे जरा वेळ प्रेमानं बघत राहिल्या. मग "विश्रांती घ्या हं" म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. कडीही.

सेन्सर सुलटा केला. आता उजवा तो उजवा आणि वर ते वर. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच घरात एक यंत्र माझं ऐकत होतं. बायको बाही सारून आली.

"बसू मी?"

"थांब. आधी नीट तपासून बघतो. तुझ्या हाताला काही झालं तर?"

हे वाक्य मी काळजीनं म्हटलं, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला खेळायचं होतं.

आतून एक गोड आवाज म्हणाला, आज आपला हात दुखतो आहे का? कपाट ओढल्यापासून खांदा ते करंगळी ठणकत होतं. मी प्रामाणिकपणे 'खूप' हे उत्तर निवडलं. मग चेंडू आले. लाल उचलायला गेलो तो निसटला. निळा उचलला तो टोपलीच्या अलीकडे पडला. मूठ घट्ट मिटा, आवाज म्हणाला, मी मिटली. पूर्ण मिटा, तो म्हणाला. ही पूर्णच होती. अंगठा करंगळीच्या मुळाला लावा. माझा अंगठा तिथे कधी गेला नव्हता, त्याला वाटही माहीत नव्हती. घामाघूम होऊन मी सगळे व्यायाम संपवले. अक्षरं उमटली: 'मूल्यांकन पूर्ण झाले. अहवाल आपल्या तज्ज्ञांकडे पाठवला आहे. पुढील सूचनेपर्यंत व्यायाम करू नयेत.'

"झालं," मी विजयी मुद्रेनं म्हणालो. "चाललं. आता तू."

बायकोच्या डोक्यावर चष्मा चढवला. पट्टा बांधताना तिचे केस त्यात अडकले. उजवा हात पुढे धरून ती वाट बघत राहिली. लहान मूल डोळे मिटून खाऊची वाट बघतं तशी.

"काय दिसतंय?"

"व्यायाम करू नयेत, असं दिसतंय."

मला वाटलं, ड्रायव्हर पुन्हा झोपला. काढला, घातला, काढला, घातला. गॅलरीत गेलो, ओरडून आलो. रोज ती विचारायची, "आज?" आणि रोज मी म्हणायचो, "सेटिंग चालू आहे." मग तिनं विचारणं सोडलं. चादरीचा एक कोपरा सारून ती खिडकीशी उजेडात बसायची आणि जुना स्पंजचा चेंडू दाबत राहायची. तोंडानं हळू आवाजात मोजायची, मध्येच थांबायची. ती दुखलं म्हणून थांबते की कंटाळून, हे मी विचारलं नाही. माझं लक्ष हिरव्या दिव्यावर होतं.

रविवारी दुपारी, शंभरदा पाहिलेल्या त्या पडद्याच्या कोपऱ्यात मला पहिल्यांदाच बारीक अक्षरं दिसली. रुग्णाचं नाव. बायकोचं. त्याखाली, उजवा हात. त्याखाली, वेदना: खूप.

यंत्राला माझे हात तिचे वाटले होते, आणि तेच त्यानं दवाखान्यात कळवलं होतं. आणि तो हात इतका वाईट निघाला होता की पुढचे व्यायामच त्यानं बंद करून टाकले होते.

शहाण्या माणसानं तिथल्या तिथे उठून बायकोला सांगितलं असतं. मी चादरी काढल्या. आरसा सुलटा केला आणि त्यात न बघता बाजूला झालो. "कंपनीकडूनच अडलंय," मी म्हणालो. "उद्या डॉक्टर हात बघतीलच ना डोळ्यांनी." ती म्हणाली, "हो, बघतील." आणि मला वाटलं, बघतील, हसतील, संपेल.

सोमवारी डॉक्टरांनी हात बघायच्या आधी कागद बघितला. यंत्राचा अहवाल व्यवस्थित छापून त्यांच्या पुढ्यात ठेवला होता. व्यायामबाई खाली मान घालून बाजूला उभ्या होत्या. डॉक्टरांनी तो वरून खाली दोनदा वाचला. बाहेर कोणीतरी चाकाची खुर्ची ढकलत नेली.

"मला याहून बरी अपेक्षा होती," ते म्हणाले. "मूठ मिटत नाही. पकडीत जोर नाही. अंगठा तर जवळजवळ कामातून गेलाय. वेदना खूप, असं यात नोंदलंय. मला वाटतं, आता ऑपरेशनचा विचार..."

बायकोनं आपल्या हाताकडे पाहिलं. मांडीवर पालथा ठेवलेला तो हात तिनं हळूच उताणा केला.

"मला वाटत होतं जरा बरा आहे," ती म्हणाली. "त्या दिवशी चष्मा लावून हात पुढे धरला, तेवढ्यात यंत्रानं मोजला असणार. पण रोज दाबत होते मी चेंडू. दुखत पण नव्हतं फारसं." आणि मग अगदी हळू, "म्हणजे मला वाटलं ते खोटंच होतं का?"

या बाईला मी इतकी वर्षं ओळखतो. ती माझं काही खरं मानत नाही, वर्तमानपत्राचं मानत नाही, हवामानखात्याचं तर मुळीच नाही. आणि आता ती एका काडेपेटीवर विश्वास ठेवून स्वतःच्या हातावरचा विश्वास सोडत होती. कारण ती काडेपेटी मी बसवली होती.

मी बोट वर केलं, वर्गातल्यासारखं.

"डॉक्टर, तो हात माझा आहे."

"कोणता?"

"कागदावरचा."

मी सगळं सांगितलं. चादरी, कपाट, बिनसहीचा ड्रायव्हर, पोचसाहेबांचं नाक सोडून सगळं. बायको माझ्याकडे बघत नव्हती. ती भिंतीवरच्या हाडांच्या चित्राकडे बघत होती, आणि त्या सापळ्याच्या चेहऱ्यावर माझ्यापेक्षा जास्त समजूत होती.

डॉक्टरांनी माझा उजवा हात मागितला. त्यांनी तो वळवला, दाबला, बोटं एकेक करून वाकवली.

"कधी मोडला होता?"

"कधीच नाही."

"मार? जुनं काही दुखणं?"

"नाही."

"मग हा हात करतो काय?" त्यांनी खऱ्या कुतूहलानं विचारलं.

"सही," बायको म्हणाली.

व्यायामबाईंनी तोंडावर हात धरला. तो चांगला हात होता, छान मिटत होता.

"अहवालात बोटं इतकी जाड दिसली तेव्हाच मला वाटलं होतं, काहीतरी चुकतंय," त्या म्हणाल्या. "लगेच फोन करायला हवा होता मी. पण म्हटलं, एवढी सूज असेल तर बोटं जाड दिसतात."

डॉक्टरांनी मग बायकोचा हात स्वतःच्या हातात घेतला. मूठ मिटायला सांगितली. मिटली. पूर्ण नाही, पण गेल्या खेपेला जिथे थांबली होती त्याच्या बरीच पुढे. डॉक्टर काही बोलायच्या आधीच तिला ते दिसलं होतं. तिनं ती मूठ उघडली आणि पुन्हा मिटली. कोणी सांगितलं नव्हतं.

"ऑपरेशनचं नंतर बघू," डॉक्टर म्हणाले. "बहुतेक लागणार नाही. आधी इथेच खरं रेकॉर्ड घेऊ या. आणि साहेब, तुम्हीही स्पंजचा एक चेंडू घेऊन ठेवा."

व्यायामबाईंनी तिथेच यंत्र लावलं. तार जोडली, बटण दाबलं, दिवा हिरवा झाला. ड्रायव्हरचं नावसुद्धा निघालं नाही. बायकोच्या डोळ्यांवर त्यांनी चष्मा चढवला, केस अलगद बाजूला घेतले, आणि त्या रेकॉर्ड बघायला डॉक्टरांच्या टेबलाकडे गेल्या. टेबलावरच्या पडद्यावर दोन हात उमटले. एक सरळ उघडलेला, एक किंचित थरथरणारा. लाल चेंडू आला. थरथरणारा हात पुढे झाला, बोटं वळली, अडली, आणखी थोडी वळली. चेंडू उचलला गेला.

मी तिच्या खुर्चीशी उकिडवा बसलो आणि आधार म्हणून माझा तळवा तिच्या मनगटाखाली धरला. मला पुष्कळ बोलायचं होतं. हौस म्हणून मी तिचे दिवस खाल्ले हे बोलायचं होतं. कळल्यावरही एक अख्खी संध्याकाळ गप्प बसलो हे तर नक्कीच बोलायचं होतं. मनात वाक्यं जुळत होती, आणि खोटं कशाला बोला, चांगली जुळत होती.

"अगं," मी म्हणालो, "मी तुला आज मनापासून काही सांगणार आहे. मी फार..."

"ऐकतेय," ती चष्म्याआडून म्हणाली. "फक्त तुमचा हात जरा मागे घ्या. इथे तीन दिसतायत, माझा कुठला तेच कळत नाहीये."